ताप उतरला, पण नजर?

आठवडाभर तापाने फणफणलेले मूल उठून बसले, वरणभात मागू लागले की घर निर्धास्त होते. समजा, भिलाईच्या टाऊनशिपमधले असेच एक घर. वडील पोलाद कारखान्यात ड्यूटीवर, आई डबा भरतेय आणि सात वर्षांचा मुलगा समोरचाच पेला चाचपडत शोधतोय. ''नीट बघ की रे!'' आई रागावते. दोन दिवसांनी बाईंची चिठ्ठी येते, फळ्यावरचे उतरवून घेत नाही. ''अशक्तपणा असेल,'' आजी म्हणते आणि गाजराचा रस सुरू होतो.

अशक्तपणाने अंधारी येते, पण ती क्षणभर. दिवसेंदिवस टिकणारी अंधुक नजर ही वेगळीच गोष्ट. गोवर, गालगुंड, कांजिण्या किंवा साध्या विषाणूच्या तापानंतर, बहुधा एक ते तीन आठवड्यांत, काही थोड्या मुलांच्या दृष्टीच्या नसेला सूज येते. याला ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात. विषाणूशी लढायला सज्ज झालेली प्रतिकारशक्तीच चुकून नसेवरच्या वेष्टनावर तुटून पडते. आजार विरळा आहे, प्रत्येक तापाला घाबरायचे कारण नाही. मात्र मोठ्यांमध्ये बहुधा एकच डोळा सापडतो, तर लहान मुलांमध्ये अनेकदा दोन्ही. आणि एकच डोळा बिघडला, तर मूल दुसऱ्यावर काम भागवते, तक्रारच करत नाही.

म्हणून आजारपणानंतर शंका आली तर एकेक डोळा तळहाताने झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचायला सांगा. लाल चेंडू एका डोळ्याला फिकट दिसतो का, डोळा फिरवताना दुखतो का, हेही विचारा. उत्तर 'हो' आले, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. चष्म्याने ही सूज उतरत नाही.

त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. भिलाईकरांना सेक्टर 9चे जवाहरलाल नेहरू चिकित्सालय परिचयाचे आहे, आणि 2012 मध्ये सुरू झालेले एम्स शेजारच्या रायपूरलाच आहे. डॉक्टर बाहुलीवर बॅटरीचा झोत टाकतात, पडदा तपासतात. मेंदूवरचा दाब वाढला तरी नसेचे टोक सुजलेले दिसते, म्हणून एमआरआय टाळू नये. रक्तातील मॉग अँटिबॉडीची तपासणी सांगितली जाते, कारण त्या आढळल्यास आजार उलटू शकतो.

उपचार म्हणजे साधारण तीन ते पाच दिवस शिरेतून स्टिरॉइड, मग कमी कमी होत जाणाऱ्या गोळ्या. 'स्टिरॉइड' ऐकताच घरचे बिचकतात. त्याहून धोक्याचे म्हणजे ओळखीच्या औषधवाल्याकडून नुसत्या गोळ्या आणणे. अमेरिकेत प्रौढांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 1992 मध्ये आले. त्यात नेहमीच्या मात्रेच्या नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. सुरू केलेल्या गोळ्या मनाने थांबवणेही तितकेच वाईट.

बहुतेक मुलांची नजर काही आठवड्यांत, महिन्यांत चांगलीच परतते. रंगांचा फिकेपणा मात्र कधी कधी रेंगाळतो. तोवर बाईंना सांगून पहिला बाक मागून घ्यावा, आणि चित्रकलेच्या वहीत सूर्य तपकिरी निघाला तर रागावू नये.