तीस टक्क्यांचा अंगठा

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याचा उजव्या हाताचा अंगठा कडबा कुट्टीच्या यंत्रात मुळापासून गेला. पेंढी आत सारताना हाताला गुंडाळलेला टॉवेल यंत्राने ओढला आणि टॉवेलाबरोबर हात. जखम तीन महिन्यांत भरली. पण विळा मुठीत ठरेना, दाव्याची गाठ मारता येईना, म्हशीची धार तर मालकिणीवरच पडली. गावात लोक म्हणाले, "दाखला काढा, एसटीला सवलत मिळेल, पगारही सुरू होईल." दोन हेलपाटे घालून, एक दिवस रांगेत काढून ते जिल्ह्याहून कागद घेऊन आले. कागदावर होते : ३० टक्के.

सवलतींचे दार उघडते ते ४० टक्क्यांना.

ठिबकच्या अनुदानाचे विचारायला ते माझ्याकडे आले, तेव्हा खिशातून हा कागद निघाला. "साहेब, सगळा हात निकामी झालाय आणि हे म्हणतात तीस!" त्यांचा राग मला समजत होता. पण डॉक्टरांनी अन्याय केला नव्हता. या मोजणीचे सरकारी कोष्टक ठरलेले आहे. तळहाताच्या हाडापासून अंगठा गेला तर ३० टक्के, मनगटापासून पंजा गेला तर ६०. तुमचे काम किती अडले, घरात खाणारी तोंडे किती, हे त्या कोष्टकात येत नाही. हे मनाला पटो न पटो, दाखल्याला जाताना माहीत असलेले बरे.

कागद वाचून दाखवत असताना माझ्या लक्षात आले, की हे गृहस्थ मान वळवून एकाच डोळ्याने बघताहेत. विचारले, तर म्हणाले, "लहानपणी शेळ्या राखताना बाभळीचा काटा लागला. डावा डोळा तेव्हाच गेला."

"डॉक्टरांना सांगितलेत?"

"त्यांनी हात विचारला, मी हात दाखवला. डोळ्याचं काय, ते पोरपणीचं."

बंधू-भगिनींनो, इथेच आपली माणसे फसतात. जुने दुखणे अंगवळणी पडते आणि माणूस त्याला दुखणे म्हणायचेच विसरतो. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर त्याचेही ३० टक्के धरतात. एकटा डोळा ४० च्या खाली, एकटा अंगठाही खाली. दोन्ही मिळून मात्र चित्र बदलते. तीस आणि तीस साठ, असा साधा हिशेब तिथे चालत नाही. पहिले ३० तसेच ठेवतात. ९० मधून ते वजा केले की ६० उरतात. ६० म्हणजे ९० चे दोन तृतीयांश, म्हणून दुसऱ्या ३० चेही दोन तृतीयांश, म्हणजे २० धरतात. एकूण ५०. त्यांनी पुन्हा अर्ज केला, या वेळी डोळ्याच्या डॉक्टरांनीही तपासले आणि ५० टक्क्यांचा दाखला हाती आला. मधले सात महिने मात्र फुकट गेले.

म्हणून तपासणीला जाताना डोक्यापासून पायापर्यंत जे जे अधू आहे ते सांगा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. बरा झालेला कुष्ठरोग, सिकलसेल, मतिमंदत्व, मानसिक आजार, हे सारे त्यात आहे. कागदावर आता 'दिव्यांग' लिहितात. शब्द कोणताही असो, मोजमाप तेच.

अर्ज 'युडीआयडी' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. गावातल्या सेवा केंद्रावर तो भरून मिळतो. आधार, राहण्याचा पुरावा, फोटो आणि उपचाराचे कागद लागतात. उपचाराचे कागद म्हणजे पहिल्या दिवसाच्या केसपेपरपासून सगळे. आपल्याकडे ते कणगीच्या मागे खोचले जातात आणि उंदीर खातात! पत्र्याच्या पेटीत ठेवा. उपचार संपून अवयव स्थिर झाल्यावरच तपासणीला जा. प्लास्टर असताना गेल्यास परत पाठवतात. दाखला नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते आणि निकाल पटला नाही तर अपील करता येते. मात्र टक्के वाढवून देतो म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. खोट्या मार्गाने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

शेतकरी अपघात योजनेचा मार्ग निराळा आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ही योजना २०२३ पासून कृषी खात्यामार्फत चालते. सातबाऱ्यावरचा शेतकरी आणि नाव नसलेला घरातला आणखी एक जण, वय १० ते ७५, तिच्यात बसतात. अपघाताने एक डोळा किंवा एक हात-पाय कायमचा निकामी झाल्यास एक लाख, दोन गेल्यास दोन लाख. इथे ४० टक्क्यांची पायरी आडवी येत नाही, पण ३० दिवसांत तालुका कृषी कार्यालयात अर्ज जावा लागतो. माणूस दवाखान्यात असतो, घर हवालदिल असते, आणि ते दिवस बघता बघता निघून जातात. शेजाऱ्याने तरी आठवण ठेवावी.

आता गाडीविषयी. पाय अधू असलेली बरीच तरुण मुले मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटरवर बाजाराला येतात. ती चाके गॅरेजवाल्याने बसवली म्हणजे झाले असे नाही. बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो आणि लायसन्सही अशाच गाडीचे काढावे लागते. २०२० पासून नोंदणीच्या अर्जात मालकीचा 'दिव्यांगजन' असा वेगळा प्रकार आला आहे, तो भरायला विसरू नका. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनवर वाहन उभे करण्याची सोय दिव्यांगांना वापरता येईल अशी असावी, असे २०१६ चा कायदा सांगतो. चाकांच्या खुर्चीचे चित्र दिसले की ती जागा तुमची. रखवालदाराने हटकले तर वाद घालू नका, युडीआयडीचे कार्ड पुढे करा. पाय दाखवायची वेळ कोणावर येऊ नये.