निवडुंगाला भय थंडीचे नव्हे, अवेळी पाण्याचे

निवडुंग म्हणजे काहीही सोसणारी वाळवंटी वनस्पती, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे पालघर, बोईसर, तारापूर परिसरात गच्चीवर वा अंगणात निवडुंगाच्या कुंड्या मांडताना ऊन-पावसाचा फारसा विचार होत नाही. वैशाखापर्यंत टणक दिसणारे झाड मग ज्येष्ठ-आषाढात बुडाशी मऊ पडते आणि एके दिवशी आडवे होते. पाऊस किती पडला एवढेच त्याचे कारण नसते; तो कोणत्या वेळी आला, यालाही तितकेच महत्त्व असते.

कुंपणाला लावलेला शेर किंवा त्रिधारी निवडुंग मुसळधार पावसात टिकतो, मग कॅक्टस का टिकू नये, असे विचारले जाते. परंतु ही झाडे एरंडाच्या कुळातील असून तोडल्यावर त्यांतून पांढरा चीक येतो. खरे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातील. त्यांपैकी फड्या निवडुंग आपल्याकडे येऊन दोन शतकांहून अधिक काळ लोटला व तो येथे रुळला. सर्वच जातींना ते साधलेले नाही.

कोरड्या काळात कॅक्टस विश्रांती घेतो. त्याची बारीक मुळे गळून जातात व वाढ थांबते. जमीन भिजली की एक-दोन दिवसांतच नवी, कोवळी मुळे फुटतात आणि खोड पाण्याने फुगू लागते. नेमके याच अवस्थेत झाड सर्वांत दुबळे असते. माती पुढेही ओलीच राहिली तर मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी आत शिरते.

थंड देशांतील अनुभव याला पुष्टी देतो. कॅनडात बर्फाखाली हिवाळा काढणारे फड्या निवडुंगाचे काही भाईबंद शरद ऋतूत अंगातील पाणी कमी करतात, सुरकुततात आणि जमिनीवर लोळण घेतात. पेशींत पाणी थोडे व शर्करा अधिक असल्याने कडाक्याची थंडी त्यांना मारू शकत नाही. धोका असतो तो लहरी वसंताचा. चार दिवस ऊब आली, झाड पाणी पिऊन फुगले आणि पाठोपाठ गोठविणारी रात्र आली, की ते दगावते. अशा ‘थंडीत टिकणाऱ्या’ जाती हौसेने मागविणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की पालघरला बर्फ पडत नाही. त्यामुळे त्यांचा हा गुण येथे निरुपयोगी ठरतो; उलट त्यांना हवी असलेली कोरडी, थंड विश्रांती आपला दमट किनारा देऊ शकत नाही.

आपला लहरी वसंत म्हणजे अवकाळी पाऊस. १ डिसेंबर २०२१ रोजी ऐन विश्रांतीच्या काळात उत्तर कोकणात जोरदार पाऊस झाला. त्याच वर्षी १७ मे रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. त्याची नेहमीची तारीख ११ जूनच्या आसपासची आहे. तेव्हा मृग नक्षत्राची वाट पाहून कुंड्या हलविण्याचा जुना हिशेब आता पुरत नाही. एप्रिलअखेरीस आडोसा तयार असावा.

जातींची निवड मूळ स्थान पाहून करावी. गोल, बरड्या कासऱ्यांचे वाळवंटी प्रकार वर्षाला जेमतेम ३००-५०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशांतून आलेले असतात. पालघरच्या किनाऱ्यावर एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. त्यांना पारदर्शक पत्र्याखालीच ठेवावे. ड्रॅगन फ्रूट मात्र मध्य अमेरिकेच्या उष्ण रानांतील, झाडांवर चढणारा कॅक्टस आहे. उंच गादीवाफ्यावर, पाणी न साचू देता लावल्यास तो उघड्यावर पाऊस सोसतो. एप्रिल-मेच्या प्रखर उन्हात मात्र त्याची खोडे भाजतात, म्हणून तेव्हा विरळ सावली द्यावी.

कुंडीतील मिश्रणात निम्म्याहून अधिक भाग जाड वाळू, विटांचे वा कौलांचे बारीक तुकडे असावेत. उरलेल्यात पोयटा व थोडे मुरलेले शेणखत. खाडीची वाळू खारट असते, ती धुतल्याशिवाय वापरू नये. कुंडी जमिनीवर न टेकविता विटांवर ठेवावी. आडोसा फक्त वरून असावा. प्लॅस्टिकने चहूबाजूंनी गुंडाळल्यास आत वाफ कोंडते आणि कुजण्याला आमंत्रण मिळते. अवकाळी सर येऊन गेल्यावर लगेच कडक ऊन पडले तर दोन-तीन दिवस झावळ्यांची सावली करावी आणि माती तळापर्यंत सुकल्याखेरीज पाणी देऊ नये.

बुडाशी तपकिरी, मऊ डाग दिसताच झाड उपटावे. स्वच्छ सुरीने निरोगी, एकरंगी गर लागेपर्यंत सडका भाग कापावा, कापावर गंधकाची भुकटी लावावी आणि आठ-दहा दिवस सावलीत सुकवून कोरड्या वाळूत लावावे. सड वर चढण्याआधी हे केले तर झाड बहुधा वाचते. तहानलेला निवडुंग सुरकुततो आणि पाणी मिळताच सावरतो. कुजलेला मात्र सावरत नाही. म्हणून पाणी द्यावे की न द्यावे, अशी शंका आली, तर न देणेच श्रेयस्कर.