एसटीच्या मंडळावर ‘बदली’ माणूस बसतो का?

पोलादपूरला एसटीचं स्थानक आहे, आगार नाही. गाड्या महाड आगाराच्या आणि महाडचं विभागीय कार्यालय पेणला. त्यामुळे एखाद्या वाडीची वस्तीची, म्हणजे रात्री मुक्कामाला थांबणारी, गाडी बंद पडली की तोडगा ठरलेला: ‘एसटीच्या मुंबईतल्या संचालक मंडळावर आपला माणूस हवा. तो गैरहजर असेल तेव्हा त्याचा बदली बसेल.’

गैरसमज: मंडळावर प्रत्येक भागाची जागा असते.
वस्तुस्थिती: १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यानुसार संचालक राज्य सरकार नेमतं. जिल्हा-तालुक्याचा कोटा नाही. महाडचे आमदार भरत गोगावले सप्टेंबर २०२४ मध्ये एसटीचे अध्यक्ष झाले, ते महाडच्या वाट्याची जागा म्हणून नव्हे. डिसेंबरात ते मंत्री झाले आणि २०२५ च्या सुरुवातीला अध्यक्षपदी संजय सेठी या सनदी अधिकाऱ्यांची नेमणूक झाली, तीही सरकारनंच केली.

गैरसमज: सदस्याला आपल्या जागी कुणालाही धाडता येतं.
वस्तुस्थिती: हा घोळ बहुधा कंपनी कायद्यातून आला असावा. संचालक किमान तीन महिने देशाबाहेर असेल, तर कंपनीचं मंडळ त्याच्या जागी पर्यायी संचालक नेमू शकतं. पण एसटी महामंडळ त्या कायद्याखालची कंपनीच नाही. महामंडळाला बाहेरच्या जाणकाराला सल्ल्यासाठी बोलावता येतं. तो चर्चेत बोलतो, मत मात्र देऊ शकत नाही. आणि एखादी खुर्ची रिकामी होती, एवढ्याच कारणानं मंडळाचा निर्णय रद्द ठरत नाही.

गैरसमज: रिक्षाचं भाडं आणि परवाने बघणारं प्राधिकरण म्हणजे एसटीचंच मंडळ.
वस्तुस्थिती: ते प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालचं. अध्यक्ष आणि फार तर दोन सदस्य. वाहतुकीच्या धंद्यात ज्याचे पैसे गुंतलेत त्याला तिथं मज्जाव, म्हणजे मिनीडोअर रिक्षाचा मालक बाद. एखादा सदस्य नसताना काम कसं चालवायचं याचे नियम सरकार करू शकतं; खुर्ची कुणाला उसनी द्यायची हे सदस्याच्या हाती नाही.

वस्तीच्या गाडीचा प्रश्न यातल्या कुठल्याच बैठकीची वाट बघत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा, आधी महाडच्या आगार व्यवस्थापकांना, मग पेणच्या विभाग नियंत्रकांना द्यावा. त्यात शाळेची वेळ, रोजचे प्रवासी आणि चालक-वाहकांनी रात्री कुठं झोपायचं, हेही लिहावं. हा शेवटचा मुद्दा अर्जात बहुतेक जण विसरतात.