विश्लेषण : कोलोरॅडो नदीवर धरणाच्या जागा सापडल्या, मग पाण्याचे गणित का चुकले?

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणाच्या ‘लेक मीड’ जलाशयाने २०२२ मध्ये तळ गाठला. १९३७ मध्ये तो भरत होता, त्यानंतरची ही सर्वांत कमी पातळी. या टंचाईचे मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या हिशेबात आहे.

मोहीम काय होती?
१ ऑगस्ट १९२३ रोजी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे कर्नल क्लॉड बर्ड्सआय यांचे पथक ॲरिझोनातील लीज फेरीहून होड्यांतून निघाले. एमरी कोल्ब प्रमुख नावाडी, तर ई. सी. ला रू जलअभियंते होते. ग्रँड कॅनियनमधील नदीचा उतार मोजायचा आणि धरणाच्या जागा हेरायच्या, हे काम होते.

मोजणी कशी झाली?
एक जण काठावर आकडे आखलेला दांडा धरून उभा राही, दुसरा दुर्बिणीतून अंतर आणि उंची टिपे. कडे कुठे जवळ येतात, खडक किती पक्का आहे, फुगवटा कुठवर जाईल, हे पाहिले जाई. सप्टेंबरमध्ये लाव्हा फॉल्सजवळ पूर आला आणि नदी सुमारे २० फूट चढली. तरीही मोजणी पूर्ण झाली.

मग चुकले कुठे?
जागा मोजण्याआधीच पाणी वाटले गेले होते. नोव्हेंबर १९२२ च्या करारात नदीच्या वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी सुमारे ३२७ टीएमसी पाणी ठरले. त्यासाठी गृहीत धरलेला प्रवाह प्रामुख्याने भरपूर पाण्याच्या वर्षांवरचा होता. खोऱ्यातील सगळी लागवडयोग्य जमीन भिजवण्याइतके पाणी नदीत नाही, असे ला रू यांनी १९१६ च्या अहवालातच म्हटले होते. पुढे १९४४ मध्ये मेक्सिकोला आणखी सुमारे ६५ टीएमसी देण्याचे ठरले.

धरणे कुठे झाली?
खाली ब्लॅक कॅनियनमध्ये हूवर (१९३५), वर ग्लेन कॅनियनमध्ये दुसरे. तेथे १९६३ मध्ये पाणी अडवले गेले. ग्लेन कॅनियनचा आग्रह ला रू यांनीच धरला होता. ग्रँड कॅनियनच्या पट्ट्यातील दोन प्रस्तावित धरणे मात्र विरोधामुळे १९६८ मध्ये बारगळली.

आज काय?
वाटप सुमारे ७१८ टीएमसीचे आहे; २००० नंतरचा सरासरी नैसर्गिक प्रवाह मात्र ५४० टीएमसीच्या आसपास. टंचाईत कपात कोणी सोसायची, याचे २००७ चे नियम २०२६ अखेरपर्यंतच आहेत. धरणे तीच राहतील. वाटा कोणाचा कमी करायचा, हा सात राज्यांपुढचा प्रश्न आहे.