वीज गेली की गाडी थांबते

लासलगावचा कांद्याचा भाव सायखेड्याच्या शेतकऱ्याला बांधावरच मोबाइलवर कळतो. उत्तर कोरियातही मोबाइल आहेत. २००८ साली इजिप्तच्या ओरॅसकॉम कंपनीच्या भागीदारीत तिथे ‘कोरिओलिंक’ सेवा सुरू झाली. पण सामान्य माणसाला त्यावरून परदेशी फोन लावता येत नाही. इंटरनेटही नाही, फक्त ‘क्वांगम्योंग’ हे देशापुरते बंदिस्त जाळे.

रेल्वेची गोष्ट अधिक बोलकी आहे. तिथले बहुतेक लोहमार्ग विजेवर चालतात, ३,००० व्होल्ट डीसीवर. खनिज तेल जवळपास नाही, कोळसा आणि डोंगरी नद्या मात्र आहेत. त्यामुळे गाड्या विजेवर चालवण्याचा निर्णय शहाणपणाचाच होता. पुढे सोव्हिएत संघ कोसळला, स्वस्त तेल आणि सुटे भाग आटले, वीजकेंद्रे जीर्ण झाली. हिवाळ्यात धरणांतले पाणी घटते, वीज तुटते आणि गाडी वाटेतच तासन्‌तास उभी राहते. खेरवाडी स्थानकावरून जाणाऱ्या आपल्या गाड्याही विजेवरच धावतात, पण त्यांच्यामागे देशभराचे ग्रीड आहे. एका भागात तूट पडली तर दुसरीकडून वीज घेता येते.

त्याहून क्लेशदायक म्हणजे, गाडी वेळेवर आली तरी दुसऱ्या प्रांतात जायला सरकारी परवाना लागतो. आजारी आईला भेटायलासुद्धा.