आपोआप बंद पडणारा संगणक

दोस्तांनो, शाळेच्या प्रकल्पाची पंधरा पानं टाइप झालीत, सोळावं सुरू आहे आणि अचानक पडदा काळा! घरात वीज आहे, ट्यूबलाइटही जळतेय. बटण दाबलं की संगणक सुरू होतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा बंद. मग घरोघरी निदानं सुरू होतात. ताई म्हणते, ‘व्हायरस!’ बाबा म्हणतात, ‘गेम खेळून बिघडवलास.’ दुकानदार तर न बघताच सांगतो, ‘नवा घ्या.’

थांबा! आधी एक वही घ्या. ताप कधी येतो, किती वेळ राहतो, हे डॉक्टर विचारतात ना? तसंच संगणक किती वेळानं बंद पडला, तेव्हा काय चाललं होतं, लगेच सुरू झाला की थोड्या वेळानं, हे चार-पाच वेळा लिहून काढा.

समजा, टायपिंग करताना तो तासभर चालतो; पण गेम लावला की पंधरा मिनिटांत बंद पडतो आणि लगेच सुरू केला तर त्याहून लवकर. मग संशय उष्णतेवर घ्यायचा. आतला प्रोसेसर म्हणजे टपालाच्या तिकिटाहूनही लहान चकती. पण घरच्या कितीतरी संगणकांत ती ६५ वॅट किंवा त्याहून जास्त वीज घेते, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी. ती उष्णता बाहेर टाकायला तिच्यावर धातूच्या पट्ट्यांचा हीट सिंक आणि पंखा असतो. पट्ट्यांत धूळ साचली की जणू गोधडीच पांघरली! तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की प्रोसेसर आधी मंदावतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर संगणक बंद होतो. जळून जाण्यापेक्षा हे बरं, नाही का? ही सोय पूर्वी सगळ्यांत नव्हती. २००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळानं चालू संगणकांवरचे हीट सिंक काढून पाहिले. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून चक्क धूर निघाला!

तेव्हा संगणक बंद करा, प्लग काढा आणि मोठ्या माणसाला बरोबर घेऊन बाजूचं झाकण उघडा. मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झटका. पंख्याची पाती मात्र बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं तर नकोच. प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामध्ये एक लेप असतो, तो जुना होऊन सुकतो. तो बदलायचं काम तंत्रज्ञाचं.

आता दुसरी वही पाहू. हिच्यात वेळेचा काही मेळ नाही. पण फ्रिज किंवा मिक्सर सुरू झाला की संगणक बंद! इथं विजेकडे बघायला हवं. प्लग सैल आहे का? एक्स्टेन्शन बोर्ड जुना आहे का? यूपीएस असेल तर त्याची बॅटरी म्हातारी झालेली असू शकते. संगणक थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावून दोन दिवस बघा. नीट चालला, तर दोषी सापडला.

तिथंही बंद पडला, तर उरतो एसएमपीएस. घरातली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणारा हा डबा. याला कुणीही, अगदी बाबांनीही, उघडायचं नाही! प्लग काढल्यावरही आत विजेचा साठा राहतो.

आणखी एक गंमत. सुरू केल्यावर चार-पाच सेकंदांतच बंद पडत असेल, तर पॉवरचं बटण आत अडकलंय का बघा. हे बटण साधारण चार सेकंद दाबून धरलं की संगणक बंद होतो. बिचारा आपला हुकूम पाळत असतो!

ताईचा व्हायरसही अगदीच खोटा नाही, बरं का. २००३ मध्ये ‘ब्लास्टर’नं जगभरचे संगणक असेच बंद करून पुन्हा सुरू केले होते. पण तो पडद्यावर साठ सेकंदांची सूचना दाखवायचा. काही न सांगता वीज गेल्यासारखं बंद पडणं हा बहुतेक वेळा यंत्राचाच दोष.

दुकानात जाताना वही बरोबर न्या आणि म्हणा, ‘काका, नव्याचं नंतर बघू. आधी दुसरा चांगला एसएमपीएस जोडून बघता का?’