मेजावरची चतुरंग सेना

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर बापू गोखले यांच्या घोडदळाने इंग्रजांवर चढाई केली. दुसरा बाजीराव पर्वतीवरून युद्ध पाहत होता. मराठी फौज संख्येने कितीतरी मोठी होती. परंतु इंग्रजांच्या फळीपुढे दलदल आहे, हे स्वारांच्या ध्यानी आले नाही. भरधाव घोडे चिखलात रुतले आणि हल्ला विस्कटला. मोरो दीक्षितांसारखे सरदार त्या दिवशी कामी आले.

जमीन न ओळखल्याची किंमत तेथे प्राणांनी मोजावी लागली. तोच धडा रक्ताचा थेंबही न सांडता देणारा खेळ मेजावर मांडता येतो.

या खेळाचे मूळ आपल्याच चतुरंगात आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ इराण-अरबस्तानमार्गे युरोपात पोहोचले व बुद्धिबळ झाले. १७८० मध्ये हेलविग या जर्मन अध्यापकाने तो पट विस्तारून त्यावर नाना प्रकारची भूमी आणली. पुढे १९९० मध्ये इंग्लंडमध्ये फिल बार्कर यांच्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या नियमांनी प्राचीन लढाया तासाभरात खेळण्याजोग्या केल्या.

दोन मित्र समोरासमोर बसतात. प्रत्येकाजवळ इवल्या सैनिकांच्या १२ तुकड्या असतात. एक पोरस होतो, दुसरा सिकंदर. फासा टाकावा, जितके दान पडेल तितक्याच हालचाली करता येतात. मनात दहा बेत असले तरी दान दोनाचे पडले, तर कोणते दोन साधायचे हे ठरवावे लागते. हाती भांडवल मोजके असणाऱ्या व्यापाऱ्याला ही अडचण अपरिचित नाही. चार तुकड्या गमावून ज्याची हानी अधिक, तो हरला.

इ. स. पू. ३२६ मध्ये वितस्तेच्या काठी पावसाने भिजलेल्या जमिनीत पोरसाचे रथ रुतले होते. मेजावर तीच चूक करणारा मित्र हसतो आणि पुन्हा डाव मांडतो.

मुलांच्या हाती युद्धाचा खेळ द्यावा का, ही पालकांची शंका रास्तच आहे. मात्र सैन्याचा संहार टळावा म्हणून मंत्र्यांनी भरत-बाहुबलींना द्वंद्वाचाच मार्ग सुचविला होता, हेही स्मरावे. येथे हरलेला आणि जिंकलेला मिळून सैनिक पुन्हा पेटीत ठेवतात. खडकीच्या माळावरून त्या संध्याकाळी कित्येक जण घरी परतलेच नाहीत.